हरकत माझ्याच जबाबावर

ये गं पोरी, अशी जवळ सरक. वही उजेडाकडं धर, अक्षर माझं वाकडं आहे. आणि आधी बोलणी खा. मागच्या खेपेला आलीस ती पायातली चप्पल न काढता. दारात उभ्या उभ्या चहा प्यालीस, दोनदा घड्याळ बघितलंस आणि म्हणालीस, "आजी, इथं काय राहिलंय आता? चल ना आमच्याकडं." माझे हात पिठात होते. तुझी एसटी निघायची होती. उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आणि एवढं मोठं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून या वहीत लिहून धाडायलेय. तू नांदेडला नकाशे काढायचं शिकायलीस म्हणं. मग तर तुला हे ठाऊक पाहिजेच. मी पहिल्यांदा नकाशा बघितला तो कसा, ते ऐक.

गावाचं नाव लिहीत नाही. वही कुणाच्याही हाती पडंल. तालुक्याचं गाव, नगरपालिका असलेलं, एवढं पुरे. मी त्या गावाची सुईण. माझी सासू सुईण, तिची सासूही सुईण. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. त्या दिवशी सकाळी मी पेठेत एका बाळंतिणीला न्हाऊ घालत होते. बाहेरून रिक्षा गेली, वर भोंगा. "शहराचा विकास आराखडा तयार झाला आहे. सर्व नागरिकांनी नगरपालिकेच्या हॉलमध्ये येऊन नकाशा पाहावा. आपल्या हरकती व सूचना मांडाव्यात."

बाळंतीण म्हणाली, "मावशी, हरकत म्हंजी का गं?"

"पटलं न्हाई तर पटलं न्हाई म्हणायचं."

"मग माझी हरकत हाय. पाणी लय कढत हाय."

दोघी हसलो. रिक्षा पेठेतून फिरली, बाजारातून फिरली, स्टेशनाकडं गेली. आमच्या वस्तीकडं वळली नाही. पण मी ऐकलं होतं. सर्व नागरिकांनी, म्हणले होते ते. मी म्हणलं, मीपण जाते. घरी जाऊन धुतलेलं लुगडं नेसले आणि गेले.

दारात शिपायानं आडवा हात घातला. "मावशे, झाडलंय सगळं. सभा सुटली की ये, खुर्च्या उचलायच्यात."

"झाडायला न्हाई आले. नक्शा बघायला आले."

तो आत तोंड करून ओरडला, "आयकलं का? नक्शा बघायला आल्यात बाई!" आत हसू फुटलं. पण सोडलं मला. मागची आख्खी ओळ रिकामी होती. मी खुर्चीला हात लावला तर शेजारचा दुकानदार म्हणाला, "तिथं माणसं येणार हायत."

मी दाराजवळ खाली बसले. चपलांच्या ढिगाला लागून.

समोर भिंतीवर चादरीएवढा नकाशा. रंगीत. बाजूला परगावचा साहेब, तरणा, हातात काठी. चांगलं बोलत होता, खोटं कशाला सांगू. म्हणाला, शहर म्हणजे नुसते रस्ते आणि इमारती नाहीत. पुढच्या पिढ्यांना हवा, पाणी, झाडं राहिली पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे इथं राहणाऱ्याला शहर आपलं वाटलं पाहिजे, म्हणून आम्ही तुम्हाला विचारायला आलो. मला ते लय आवडलं. आपलं वाटलं पाहिजे. कुणी आमच्यासमोर असं बोललंच नव्हतं कधी.

लोक उठले, बोलले. कुणाचा ओटा रस्त्यात जात होता, कुणाच्या प्लॉटावर शाळा दाखवली होती. साहेब लिहून घेत होता. मी हात वर केला. तीनदा केला. चौथ्यांदा उभीच राहिले.

"सायेब, आमची वस्ती कुठशी हाय त्यात?"

कुठली वस्ती, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्याची काठी कागदावर फिरली आणि थांबली. "इथं. हा हिरवा भाग."

"हिरवा म्हंजी?"

"बगीचा. सार्वजनिक उद्यान."

"आन आमी?"

साहेबानं फाइल चाळली. "इथं वस्तीची नोंद नाही, बाई. मोकळी जागा आहे. काही तात्पुरत्या झोपड्या."

दुकानदार मागून ओरडला, "बरंय की मावशे! बाग झाली की झाडायला नोकरी लागंल तुला."

हॉल हसला. आख्खा हॉल. नगरपालिकेचा अध्यक्ष पुढच्या खुर्चीत होता, तोही हसला. मग तो मायेनं बोलला. ते जास्त लागलं. "अगं, बाग सगळ्यांचीच असती. तुमी बी येत जा की संध्याकाळचं. बसावं, वारं घ्यावं."

"मंग ऱ्हावं कुठं?"

"ते बघू की. सरकार हाय."

साहेब हसला नव्हता. त्यानं फाइलीतला कागद काढला आणि मला कळावं म्हणून सावकाश वाचला. "जागेवर चौकशी केली असता तेथील एका महिलेने सांगितले की, येथे कायमची वस्ती नाही. लोक कामापुरते येतात व जातात."

मी खाली बसले. ती महिला मी होते.

आता लाज न ठेवता सांगते. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि खेड्यापाड्यांत आपल्या लोकांची घरं जाळली, तो पावसाळा. आमच्या वस्तीला कुणी काडी लावली नाही. पण एका सकाळी माझी बहीण आली. दोन लेकरं आणि एक पितळी तांब्या. एवढंच तिच्या घरातलं वाचलं होतं. तो तांब्या ती हातातून खाली ठेवत नव्हती, जेवतानाही.

त्याच दिवशी बाप्यांनी वस्तीच्या तोंडाची पाटी उपटली. विहाराच्या भिंतीवरची निळी अक्षरं आम्ही बायांनी ओल्या पोत्यानं घासली. मीही घासली. झेंडा घडी करून माझ्या कणगीत, जवारीखाली घातला. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं. अनोळखी माणूस आला, कुणाची वस्ती म्हणून विचारलं, तर सांगायचं, आमी इथले न्हाईत. लेकरांकडून पाठ करून घेतलं. तुझ्याकडूनसुद्धा. तू चार वर्षांची. तुला काय कळतंय, तू ते गाण्यासारखं म्हणत अंगणभर नाचायचीस. आमी इथले न्हाईत, आमी इथले न्हाईत. तुझी आई तुझ्या तोंडावर हात ठेवायची आणि रडायची.

वरीस उलटलं. पाटी परत लागली नाही, कुणाची छाती झाली नाही. मग एक दिवस मोजणीवाले आले. साखळी, लाल-पांढऱ्या काठ्या. बाप्ये कामावर, बाया शेतात. मी एकटी, दारापुढं सारवत होते. एकानं विचारलं, "बाई, ही वस्ती कुणाची? कवापासून हाय?"

माझ्या तोंडातून पाठ केलेलं निघालं. "आमी इथले न्हाईत सायेब. कामाला आलोत. सुगी झाली की जातोत."

हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते माझे. अंगण सारवत होते आणि म्हणत होते, हे माझं नाही. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं असतं तरी कळलं असतं. त्यानं कागदाकडं बघितलं. लिहिलं आणि गेला. आणि मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं की कसं पिटाळलं त्यांना. शाबासकी मिळाली मला.

तर हॉलमधून घरी आले आणि हे सगळं वस्तीला सांगितलं, कागदावरचंही. मला वाटलं होतं लोक पेटून उठतील. वस्तीत एक थोरले होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्या म्हणाले, "रुळापलीकडं पलाट द्यायलेत म्हणं. गप घ्यावं. जाळत तर न्हाईत ना." तुझा बाप म्हणाला, "माय, तूच सांगितलं व्हतं ना त्यांना? मग आता कशाला उकरायलीस?"

त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर कुणी टेकेना. हापशावर मी गेले की बायांचं बोलणं थांबायचं. मागं फिरले की परत सुरू व्हायचं. एकदा कानावर आलंच, "हिनंच घालवली जागा." त्यातल्या निम्म्यांना मी बाळंत केलं होतं. घागर भरून घरी आले, आणि घागर ठेवायचं सुचेना. तशीच कमरेवर घेऊन उभी राहिले घरात.

पंधरा-वीस दिवस गेले. अध्यक्षाच्या घरून बोलावणं आलं. सून अडली होती. मनात आलं, जाऊ नये. पण पोटात लेकरू आडवं-तिडवं झालेलं असतं तेव्हा सुईण अपमान उगाळत बसत नाही. गेले. सकाळची दुपार झाली. पोरगा पायाळू. पाय आधी, डोकं अडकलेलं. काढला गं. निळा पडला होता, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, आणि रडला. आख्खं घर आनंदलं. अध्यक्षाची म्हातारी आई, तिला आम्ही आईसाब म्हणायचो, तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. ठेवली कसली, वरून टाकली. निम्मी खाली सांडली.

आता रीत सांगते. बाळामागं वार पडते. ती गाडग्यात घालायची, हळदकुंकू वाहायचं, वर फडकं बांधायचं आणि पुरायची. आमच्यात ती आपल्याच दाराशी पुरतात, नाळही तिथंच. पण गावातल्या मोठ्या घरांना त्याचा विटाळ. त्यांच्या अंगणात तुळस. म्हणून ते गाडगं सुईणीनं न्यायचं आणि आमच्या वस्तीमागं, पळसाखाली पुरायचं. माझ्या सासूच्या सासूपासून असंच चाललेलं.

आईसाब म्हणाली, "सुईणे, गाडगं ने. हमेशाच्या जागी पूर."

मी गाडगं उचललं. कोमट होतं अजून. दिंडीदरवाजापर्यंत गेले आणि पाय थांबले. हमेशाची जागा. कुठली गं ती? साहेबाची काठी थांबली होती तीच. त्या पळसाखाली माझ्या सासूनं खुद्द अध्यक्षाची वार पुरली होती. नवी सून म्हणून आले तेव्हा तिनंच मला दाखवलं होतं, हा कोपरा मोठ्या घराचा, हा पेठेचा, हा मास्तरांच्या आळीचा. म्हणजे यांची घाण ठेवायला ती हमेशाची जागा. आणि आम्ही राहायचं म्हणलं की मोकळी जागा.

मी वळले. चालत परत आले आणि गाडगं त्यांच्या तुळशीपुढं ठेवलं.

"आगं आगं, का करायलीस हे! बाटलं की सगळं!"

"तुमच्याच नातवाचं हाय, आईसाब. तुमच्याच अंगणात पुरा. आमच्या तिथं कुणी ऱ्हात न्हाई म्हणं. मोकळी जागा हाय."

अध्यक्ष आतून आला. "माजलीस का गं?"

"न्हाई. तुमचं तुमाला दिलं."

पुढं काय बोलला ते ऐकायला थांबले नाही. लुगडं-चोळी घेतली नाही. बाहेर पडून सरळ वस्तीची वाट धरली. पाठीमागून बाळाचा रडण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. त्या लेकरावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. ते गाडगं शेवटी कुणी उचललं मला ठाऊक नाही. पण त्या दिवसानंतर गावातल्या एकाही घरानं मला बोलावलं नाही. इकडं वस्ती बोलेना, तिकडं गाव बोलावीना.

हरकत लिहून द्यायची मुदत अजून होती. कचेरीपुढच्या अर्ज लिहिणाऱ्याकडं गेले. त्यानं माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "मावशे, माझ्या पोटावर नगं पाय देऊ." म्हणून मीच लिहायचं ठरवलं. मला थोडं वाचता येत होतं, ते एसटीच्या पाट्यांवरून. माहेरी पेडगावला जायला स्टँडावर तासन् तास बसायचे, तिथं जिंतूर, पूर्णा, परभणी अशी एकेक पाटी ओळखीची झाली होती. पण हातानं कधी रेघ ओढली नव्हती. तुझी पाटी घेतली. तू चौथीत होतीस. तुला वाटलं आजी शाळा-शाळा खेळायलीय. छडी घेऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "आजी, ओळ वाकडी. परत काढ." एवढ्या दिवसांत माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस, बघ. हरकत हा शब्द मी सगळ्यात आधी शिकले. त्याला काना नाही, मात्रा नाही.

वहीची दोन पानं झाली. वर लिहिलं, माझी हरकत माझ्याच जबाबावर आहे. तुमच्या माणसाला ज्या बाईनं सांगितलं, आम्ही इथले नाही, ती बाई मी. मी भ्याले होते. मी खोटं बोलले. आम्ही इथले आहोत. खाली एकेक दार घेतलं. या दारात कोण जन्मलं, नाळ कुठं पुरली, उंबऱ्याच्या कुठल्या हाताला. सगळं डोक्यात होतं, फक्त उतरवायचं होतं. शेवटी लिहिलं, गावातल्या मोठ्या घरच्या वारेची गाडगी पळसाखाली आहेत.

सुनावणीला एकटी गेले. शिपायानं या खेपेला हात आडवा घातला नाही. मी सरळ खुर्चीवर बसले. तोच दुकानदार, तेच बोलला. "तिथं माणसं येणार हायत."

"आलं की माणूस," मी म्हणलं. "बसलं बी."

नंबर आला तसं उभी राहून वाचलं. अडखळत वाचलं, बोटानं ओळ धरून. कुणीतरी म्हणालं, "कवा संपायचं पारायण?" मी थांबले नाही. सगळी दारं वाचली. साहेब म्हणाला, "बाई, हे ठीक आहे. पण याला पुरावा काय?"

"खांदून बघा की. बागेला खड्डे घेसाल तवा गाडगी निघतील. निम्मी आमची. निम्मी ह्या हॉलातल्यांची."

या खेपेला कुणी हसलं नाही. अध्यक्ष टेबलाकडं बघत होता. दुकानदार नखं बघत होता. साहेबानं कागद घेतला, शिक्का मारला, मला पोच दिली.

तुला वाटंल, आजी जिंकली. नाही जिंकली. थोड्या महिन्यांनी कागद आला, एका ओळीचा. हरकत विचारात घेतली, बदल करण्याची आवश्यकता नाही. हिरवा रंग हिरवाच राहिला. वस्तीनं रुळापलीकडचे प्लॉट घेतले. एकेकानं पत्रे उतरवले, चौकटी काढल्या, टेम्पोत घातल्या. तुझा बाप शेवटी गेला. म्हणाला, "माय, चल." मी म्हणलं, तू जा. तू टेम्पोच्या फळीवरून हात हलवत होतीस. पाटी तुझी माझ्याकडंच राहिली.

बाग कुठं झाली गं? चार खांब रोवले, तार ओढली, तार चोरीला गेली. आता ओट्या-ओट्यांतून वेड्या बाभळी उगवल्यात. चूल एकटी माझी. सकाळी झाडायला घेते तर हात थांबत नाही, शेजारणीच्या पडक्या उंबऱ्यापर्यंत झाडते, मग ध्यानात येतं. कधी कधी भाजी जास्त होते आणि वाटी हातात घेऊन मी दारात उभी राहते. द्यायची कुणाला? रुळापलीकडच्या बाया बाजारात भेटतात. बोलतात आता, नाही असं नाही. पण उभ्या उभ्या. तुझ्यासारखंच.

औंदा विद्यापीठाला नाव लागलं. रुळापलीकडं फटाके वाजले, मला इथवर ऐकू आले. बोलवायला कुणी आलं नाही. मी कणगीतला झेंडा काढला. घडीघडीवर विरला होता. निळ्या रंगाचा डबा आणला, जुन्या चौकटीची फळी घेतली आणि वस्तीचं नाव लिहिलं, माझ्या हातानं. ओळ वाकडी आली. तू असतीस तर परत काढायला लावली असतीस. नेली आणि वस्तीच्या तोंडाशी रोवली, जुनी होती त्याच खड्ड्यात.

आणि ऐक, गेल्या आठवड्यात परत रिक्षा आली. नवा आराखडा करणार, आधी मोजणी होणार. रिक्षा या खेपेला पाटी बघून आत वळली. माझ्या दारापुढं थांबली आणि भोंग्यावरून आख्खं वाचलं. सर्व नागरिकांना कळविण्यात येते. समोर मी एकटी, हातात केरसुणी. मी शेवटपर्यंत ऐकलं. मग रिक्षावाल्याला म्हणलं, "कळलं."

तर हे उत्तर. चल म्हणालीस, मी येत नाही. मी इथून उठले तर त्या कागदावरचं माझं खोटं खरं होईल. मोजणीवाले येतील तेव्हा मी दारात बसलेली असेन. विचारतील, वस्ती कुणाची. या खेपेला त्यांना आधी कागद खाली ठेवायला लावीन आणि माझ्याकडं बघायला लावीन. मग सांगीन. लिहीपर्यंत हलू देणार नाही. नाही लिहिलं तर परत हरकत. ते जितके नकाशे काढतील तितक्या हरकती. माझ्याकडं दुसरी वही आहे, पाटी आहे.

पण तू ये. मोजणीवाल्यांच्या आधी ये. तुझी ती टेप आणि तो मोठा कागद घेऊन ये. उंबऱ्याच्या उजव्या हाताला तुझी नाळ आहे, मीच पुरलेली, तिथनं मोजायला सुरू कर. संध्याकाळची एसटी धरून येऊ नकोस, सकाळची धर. चप्पल काढ, बस, भाकर खा. लवकर ये गं.